जरा सरकून घ्या

गाणाऱ्या माणसाला त्याची पट्टी विचारणं हा डोंबिवलीत शिष्टाचार आहे. आडनाव, मूळ गाव आणि लोकल कितीची, एवढं विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "पट्टी कुठली?" समोरचा "काळी एक" म्हणाला तर विचारणारा समाधानाने मान डोलावतो. "पांढरी एक" म्हणाला तर 'चालायचंच' अशा नजरेने बघतो. एखादा गृहस्थ "काळी तीन" म्हणाला की मात्र सगळे गप्प होतात आणि तो उठून गेल्यावर कुणीतरी हळूच म्हणतं, "लावतो तीन, पण तार षड्जापर्यंत पोचतो का?"

ज्यांच्या घरात पेटी नाही त्यांच्यासाठी (डोंबिवलीत अशीही घरं आहेत, त्यांच्याकडे मुलाचा कीबोर्ड असतो) एवढंच सांगतो, की पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात. डावीकडून मोजायचं. ज्या पट्टीवर तुमचा सा बसतो ती तुमची पट्टी. पुरुषमंडळी साधारण पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास राहतात, बायकांचा मुक्काम काळी तीन ते काळी पाच. आपल्या संगीताचं मोठेपण असं, की सा कुठेही ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. साहेबाला हे खपत नाही. 1939 साली लंडनला परिषद भरवून त्यांनी मधल्या 'ए' स्वराची कंपनं सेकंदाला 440 अशी ठरवून टाकली. तशी परिषद आपल्याकडे भरली असती तर पहिल्याच दिवशी ठाणेकर आणि डोंबिवलीकर आपापल्या षड्जावर अडून बसले असते आणि कल्याणकरांनी मध्यम मागितला असता, तोही तीव्र.

षड्ज हवा तिथे ठेवण्याचं स्वातंत्र्य पुरेपूर बघायचं असेल तर सकाळची भजनाची लोकल पकडावी. तिथे टाळ असतात, ढोलकी असते, पेटी सहसा नसते. कारण पेटी मांडीवर घ्यायची तर आधी मांडी घालायला जागा हवी. त्यामुळे सा कुठला हे त्या दिवशी ज्याला आवाज आहे तो ठरवतो. डोंबिवलीला काळी एकला उचललेला अभंग मुंब्र्यापर्यंत काळी दोनला गेलेला असतो, कारण मागचे टाळकरी चढतात आणि पुढचा गायक त्यांच्यामागे चढतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगद्यात टाळांचा आवाज भिंतींवरून परत यायचा आणि मंडळींना आपण दुप्पट माणसं आहोत असा भास व्हायचा, तेव्हा आणखी अर्धा स्वर वर. ठाण्याला उतरणाऱ्याला उतरताना जो सा ऐकू यायचा तो चढताना ऐकलेला नसायचाच. पण एकाही प्रवाशाने कधी तक्रार केली नाही, कारण सगळे एकत्रच चढलेले असायचे. स्वरशास्त्राचं पहिलं कलम हेच आहे: सा कुठे आहे याला महत्त्व नाही, बाकीचे त्याच्यापासून किती लांब आहेत याला आहे.

भांडण सुरू होतं ते पेटी आली की.

प्रसंग सोसायटीच्या गणपतीचा समजा. हॉलमध्ये सतरंजी घातली आहे. एक काकू यमन म्हणणार आहेत. पूर्वी अशा वेळी तंबोरा असायचा, आता मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप असतं. मोबाइल स्टीलच्या ताटलीत उभा केला की आवाज मोठा येतो हा शोधही आपल्याच भागातला असावा. ॲपवर काळी चार लावली. पेटीवर काळी चार धरली. सा मिळाला. पंचम मिळाला. काकू आलापीत गांधारावर येऊन थांबल्या, साथीदारानेही इमानाने गांधार दाबून धरला आणि हॉलमध्ये कुठूनतरी 'वॉव-वॉव-वॉव' असा बारीक हेलकावा सुरू झाला. पहिल्या रांगेतले आजोबा पंख्याकडे बघू लागले. सेक्रेटरींना वाटलं स्पीकर गेला. काकूंना वाटलं आपणच बेसूर झालो आणि त्यांनी गांधार किंचित वर सरकवला. तसं करताच पेटीशी जुळलं पण ॲपशी बिनसलं. मग त्या खाली आल्या, तर ॲपशी जुळलं आणि पेटीशी बिनसलं. पंखा निर्दोष होता. काकूही निर्दोष होत्या. मोबाइलचा गांधार आणि पेटीचा गांधार हे मुळात दोन वेगळे गांधार होते.

तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळवून छेडली की तिच्यातून नुसता सा येत नाही. पाठोपाठ पंचम येतो आणि जवारी (तारेला झंकार देणारी घोडीची घडण) चांगली असेल तर न छेडलेला, न मागितलेला एक गांधारही येतो. त्याला आपल्याकडे स्वयंभू गांधार म्हणतात. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर ही जवारी काढण्यात पिढ्यान् पिढ्या आयुष्य घालवतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. हा गांधार कुणी ठरवलेला नाही, तारेतून तो आपोआप निघतो. खर्जाच्या साची कंपनं 120 धरली तर त्याच तारेत त्याच्या दुप्पट 240, तिप्पट 360, चौपट 480 आणि पाचपट 600 हीही वाजत असतात. 360 म्हणजे पंचम, 600 म्हणजे वरच्या सप्तकातला गांधार. एक सप्तक खाली आणला की 300. सा 240, गांधार 300. म्हणजे सव्वापट. चार आणि पाच, सोपा हिशेब.

पेटीचा गांधार मात्र 302.4. अडीचेक कंपनांचा फरक. वरच्या सप्तकात हा फरक पाचाच्या जवळ जातो, म्हणून सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे. आजोबा ज्याला पंखा समजत होते तो हाच.

आता पेटीला हे अडीच कंपनांचं शहाणपण कुणी शिकवलं? हा दोष पेटी बनवणाऱ्याचा नाही, गुणाकाराचा आहे. सापासून पंचम घ्या. त्या पंचमाला सा मानून त्याचा पंचम घ्या. असं बारा वेळा केलं की बाराही स्वर मिळतात आणि तुम्ही सात सप्तकं ओलांडून पुन्हा सावर येता. निदान यायला हवं. पंचम म्हणजे दीडपट. दीडला दीडने गुणत बाराव्या घातापर्यंत गेलात की उत्तर येतं 129.75. आणि सप्तक म्हणजे दुप्पट. दोनाचा सातवा घात 128. दोन्ही रस्ते एकाच स्टेशनात पोचायला हवेत, पण एक फलाटाच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. हे शिल्लक राहिलेलं पावणेदोन ग्रीकांच्या काळापासून माणसाच्या मानगुटीवर बसलंय. संगीतातल्या लोकांनी अर्ध्या स्वराचे 100 भाग पाडून एकेका भागाला 'सेंट' म्हटलं आहे. त्या मापाने हा उरलेला तुकडा साडेतेवीस सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ पाव हिस्सा. तो टाकून देता येत नाही आणि ठेवायला जागा नाही.

ही अडचण मध्य रेल्वेच्या प्रवाशाला समजावून सांगावी लागत नाही. बाक तिघांचा, बसणारे चौघे. यावर दोनच उपाय आहेत आणि दोन्ही कल्याणहून सुटणाऱ्या कुठल्याही गाडीत बघायला मिळतात. पहिला उपाय, तिघांनी ऐसपैस बसायचं आणि सगळी गैरसोय चौथ्यावर टाकायची. चौथा एका मांडीवर, निम्मा हवेत, ठाण्यापर्यंत लटकत जातो. युरोपातल्या जुन्या ऑर्गनवाल्यांनी नेमकं हेच केलं. अकरा पंचम बऱ्यापैकी ठेवले आणि सगळं उरलंसुरलं बाराव्यावर लोटलं. तो पंचम वाजवला की असा काही ओरडायचा की त्यांनी त्याला 'लांडगा' असं नाव दिलं. वादकांनी त्या लांडग्याकडे फिरकायचंच नाही, त्या बाजूच्या पट्ट्या घ्यायच्याच नाहीत, असा पुढे रिवाज पडला. चौथ्या सीटवरच्या माणसाकडे खिडकीतला माणूस बघत नाही, त्यातलाच प्रकार.

दुसरा उपाय म्हणजे "जरा सरकून घ्या." प्रत्येकाने सारखं सरकायचं. कुणीच ऐसपैस बसत नाही, कुणी पडतही नाही. बारा पंचमांनी प्रत्येकी सुमारे दोन सेंट सोसले की साडेतेवीस सेंटचा प्रवासी बसतो. सप्तकाचे बारा एकसारखे भाग झाले आणि एका पट्टीवरून पुढच्या पट्टीवर जायचं तर दरवेळी 1.05946 ने गुणायचं, अशी व्यवस्था लागली. हा हिशेब चीनमधल्या मिंग घराण्यातल्या झू झाइयू नावाच्या राजपुत्राने 1584 साली मांडला होता. राजपुत्राला सरकून बसण्याचं महत्त्व कसं कळलं हे नवलच आहे. युरोपला हा मार्ग सावकाश पटला, पण पटला तो कायमचा. आज पियानो, गिटार, कीबोर्ड, मोबाइलची रिंगटोन आणि बहुतेक बाजारू पेट्या या सरकून बसलेल्या आहेत. आपले पेटीवाले याला टेम्पर्ड स्केल म्हणतात.

यात एकच गोम आहे. सरकासरकीची सगळी बोलणी पंचमाशी झाली. त्याचं दोन सेंटने बिघडतं काय? कुणाला कळतही नाही. गांधार त्या बाकावर बसलेलाच नव्हता. तो दारापाशी आपल्या तंद्रीत उभा होता आणि या धक्काबुक्कीत नेमका त्याच्या पायावर पाय पडला. टेम्पर्ड पेटीत शुद्ध गांधार जवळजवळ 14 सेंट चढा असतो. यमन, भूप, बिहाग म्हणजे आपल्या घरगुती मैफिलींचे मानकरी, आणि हे सगळे जिथे जाऊन विसावतात तिथेच पाय दुखतो आहे.

डोंबिवलीतल्या मुलांची स्थिती आणखी बिकट आहे, कारण ती परीक्षा देतात. पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा त्यांना कल्पना नसेल, की पुढे पूर्वेच्या अमुक गल्लीत तिसऱ्या मजल्यावर बावीस मुलं एका खोलीत प्रवेशिका पूर्णची तयारी करतील. ही मुलं गळ्याने जे गायचं ते गातात, पण पुढे लेखी पेपरात त्यांना शुद्ध गांधाराची आंदोलनसंख्या लिहावी लागते आणि ती आहे 301 पूर्णांक 17 छेद 43. हे उत्तर भातखंड्यांच्या 'अभिनवरागमंजरी'तलं. छत्तीस इंची तारेवर गांधाराची जागा अठ्ठावीस पूर्णांक दोन तृतीयांश इंचांवर धरायची आणि 240 ला त्या प्रमाणात भागायचं. मुलांचे वडील इंजिनिअर असतात, ते रात्री कॅलक्युलेटर घेऊन पडताळतात आणि बरोबर येतं. बरोबर येतं म्हणूनच काळजी वाटते. तंबोऱ्यात 300, पुस्तकात 301 आणि सतरा त्रेचाळीसांश, क्लासच्या पेटीत 302.4. एकाच खोलीत तीन गांधार आणि मुलगी परीक्षकासमोर घाबरून लावते तो चौथा. तरीही ती पहिल्या श्रेणीत पास होते, यावरून परीक्षक मंडळींच्या मनाचा मोठेपणा लक्षात यावा.

या सगळ्या गोंधळाचं खापर पेटीवर फोडण्याची प्रथा जुनी आहे. पेटी मूळची पॅरिसची, पायांनी भाता मारायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती हाताच्या भात्यावर आणली आणि बसून वाजवायची सोय केली. मराठी रंगभूमीने तिला लगेच घरात घेतली. गोविंदराव टेंब्यांनी पेटीवर बसून 'मानापमान'ला 1911 साली ज्या चाली दिल्या त्या अजून गडकरी रंगायतनच्या पार्किंगमध्ये लोक गुणगुणतात. एवढं सगळं असताना 1940 च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. तिथल्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध आधीच लेखणी चालवली होती, रवींद्रनाथांनीही पेटीला हाकला असं कळवलं होतं. इंग्रज संगीतकार आणि गुरुदेव एकाच बाजूला असल्यावर पेटीची बाजू घेणार कोण? बंदी जवळपास तीस वर्षं टिकली. पेटी ज्यांच्या बोटात मुरलेली होती ते पु. ल. देशपांडे 1950 च्या दशकात त्याच आकाशवाणीत नोकरीला होते. पेटीला दारातून आत सोडत नव्हते आणि पेटीवाला आत खुर्चीवर बसून काम करत होता, सरकारी खात्याचं यापेक्षा चांगलं वर्णन मला सुचत नाही.

बंदीवाल्यांचा मुद्दा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पेटीला मींड नाही, तिला दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत जाता येत नाही, तिचा गांधार चढा, सगळं खरं. पण ज्या घरात तंबोरा जुळवणारं कुणी नाही तिथे सूर नावाची वस्तू पोचवली ती पेटीनेच. तंबोरा घेऊन डोंबिवली फास्टमध्ये चढून दाखवा, मग बोलू.

पेटी हाकलण्यापेक्षा ती सुधारावी असं म्हणणारेही होते आणि ते आपल्याच मुलखातले. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. सरकारी माणूस निवृत्त झाला की एकतर भगवद्गीतेकडे वळतो नाहीतर श्रुतींकडे. देवल श्रुतींकडे वळले आणि 1910 साली त्यांनी हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. भरताच्या नाट्यशास्त्रात सात स्वरांना 4, 3, 2, 4, 4, 3, 2 अशा श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या बारीक पायऱ्या, वाटून दिल्या आहेत, बेरीज बावीस. त्या बावीस श्रुती नेमक्या किती कंपनांच्या हे ठरवण्यासाठी देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली. त्यांना साथीला मिळाले ई. क्लेमंट्स, आयसीएसमधले न्यायाधीश. दिवसा कज्जे आणि रात्री श्रुती असा त्यांचा दिनक्रम असावा. या दोघांनी श्रुतींची पेटी बनवून घेतली आणि 1916 साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत मांडली. तिथे भातखंडे होते. बडे गवई होते. पेटीच्या श्रुती आणि गवयांच्या गळ्यातल्या श्रुती यांचं काही जमेना आणि परिषदेने त्या पेटीला मान दिला नाही. न्यायाधीशाचा दावा गवयांच्या कोर्टात फेटाळला गेला.

बडोद्याला निकालात निघालेला हा खटला ठाण्यात मात्र पुन्हा उभा राहिला. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक हे पेशाने वैद्यक शिकलेले डॉक्टर, पेटीत गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य. त्यांचा हिशेब ऐकायला सोपा आहे. सा आणि पंचम अचल, त्यांची एकेकच जागा. उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन जागा, एक उतरी, एक चढी. दोन अधिक वीस, बावीस. त्यांनी पेटीच बावीस श्रुतींची केली. बटणं ओढून-ढकलून रागाला हवी ती श्रुती निवडायची आणि मग नेहमीसारखी पेटी वाजवायची. सव्वापटीचा गांधारही तीत आहे आणि त्याहून साडेएकवीस सेंट चढा, पंचमांच्या उड्या मारत आलेला गांधारही आहे. यमनला बसताना एक, दुसऱ्या रागाला दुसरा. ज्या शहरात एका फ्लॅटला दोन दारं मिळत नाहीत तिथे एका स्वराला दोन जागा मिळाल्या.

बावीस श्रुती ठाण्यात आल्या आणि तलावपाळीला विषय मिळाला. मासुंदा तलावाच्या कठड्यावर संध्याकाळी बसणाऱ्या निवृत्तांमध्ये बँकवाले जास्त, त्यामुळे अपूर्णांकांची भीती कुणालाच नाही. एक गृहस्थ ठामपणे सांगतात, श्रुती बावीसच. दुसरे म्हणतात, गवयाच्या गळ्यात असंख्य असतात, बावीस हा नुसता हिशेबाचा आकडा. तिसरे, ज्यांनी रामभाऊ मराठ्यांना ठाण्याच्या रस्त्यांवरून जाताना पाहिलं आहे, ते म्हणतात, "रामभाऊ गाताना श्रुती मोजत होते का हो?" यावर पहिले गप्प होतात, कारण ठाण्यात रामभाऊंचं नाव काढल्यावर वाद घालायचा नसतो. महापालिका त्यांच्या स्मृतीसाठी दरवर्षी संगीत महोत्सव भरवते, तिथे हे तिघेही शेजारी-शेजारी बसतात. गायकाचा गांधार लागला की तिघांच्याही माना एकदमच हलतात. तो कितव्या श्रुतीवर लागला याचा वाद मध्यंतरात बटाटेवड्याबरोबर.

या वादात ज्याला कुणी बोलावत नाही तो माणूस म्हणजे पेटी दुरुस्त करणारा. असा एक कारागीर काम करताना मी बघत बसलो होतो. दुकान एवढंसं, भिंतीला उघडी खोकी, जमिनीवर भाते. त्याने एका पेटीचं वरचं झाकण काढलं, आतली सुरांची पाटी बाहेर घेतली. पितळी चौकटीत बसवलेली पितळेची पातळ जीभ, तिला ते लोक सूरच म्हणतात. जिभेखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवून तो बारीक हत्याराने खरडू लागला. टोकाशी खरडलं की जीभ हलकी होते आणि सूर चढतो, बुडाशी खरडलं की उतरतो. दोन हलके ओरखडे, फुंकर, पाटी परत जागेवर, भाता, कान लावून ऐकणं, पुन्हा बाहेर. एका गांधारापाशी तो बराच वेळ रेंगाळला. मी विचारलं, मोबाइलवर मीटर बघत नाही का? तो म्हणाला, "बघतो की. पण आधी हेलकावा थांबतो, मग काटा थांबतो." देवल, क्लेमंट्स आणि चिनी राजपुत्र यांनी शेकडो पानं खर्च केली ते या माणसाने खरडता-खरडता सांगितलं आणि दुरुस्तीच्या बिलात त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

त्याच्याकडून कळलं, की गिऱ्हाईक सांगेल त्या पट्टीला सा धरून पेटी नैसर्गिक सुरांत लावता येते. याला पेटीवाले गांधार ट्यूनिंग म्हणतात. मोठ्या गवयांच्या साथीला बसणारे पेटीवादक अशी पेटी बाळगतात. यमनमध्ये गांधार धरला की हेलकावा नाही, तंबोरा आणि पेटी एकमेकांत विरघळतात, आजोबांना पंख्याकडे बघावं लागत नाही. मग सगळ्यांनीच असं का करून घेऊ नये? कारण ती पेटी त्या एका पट्टीचीच राहते. सा हलवला की सगळे स्वर आपली अंतरं विसरतात. टेम्पर्ड पेटी सगळ्यांशी थोडं थोडं खोटं बोलते. गांधार ट्यूनिंगची पेटी एकाशी संपूर्ण खरं बोलते आणि बाकीच्यांना उघडं पाडते.

म्हणून डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यातल्या विवाहेच्छू गाणाऱ्यांना एक विनंती आहे. वन बीएचकेमध्ये दोन पेट्या मावत नाहीत, तेव्हा पत्रिका दाखवताना पट्टीही सांगत जा. मुलगा काळी एकचा आणि मुलगी काळी चारची असेल तर बिनधास्त होकार द्या. काळी एकला लावलेल्या पेटीत काळी चारवरून गायलं तर शुद्ध स्वरांत एकटा रिषभ बावीस सेंट उतरा लागतो, बाकी सगळं जसंच्या तसं जुळतं. संसारात एका रिषभावरून भांडण ही काही मोठी गोष्ट नाही. मुलगी काळी पाचची असेल तर मात्र मध्यम बावीस सेंट चढतो आणि गांधार एकेचाळीस. त्या घरात एक तर टेम्पर्ड पेटी घ्या, नाहीतर यमन सोडून द्या.